गोल दारांच्या रोल्स-रॉइसचा माग

लॉस एंजेलिसच्या विल्शायर बूलेव्हार्डवरची पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियमची इमारत लांबूनच ओळखू येते. लाल भिंती आणि त्यांच्यावरून वळणं घेत गेलेले स्टेनलेस स्टीलचे लांबलचक पट्टे. मूळ इमारत १९६२ सालची, एका डिपार्टमेंट स्टोअरची. पट्टे चढले २०१५ साली. जवळच ला ब्रिया टार पिट्स आहेत. तिथे आजही जमिनीतून डांबर वर येतं आणि त्याचा वास रस्त्यापर्यंत पोचतो. ताई आयर्वाइनला राहते. तिथून फ्रीवेच्या गर्दीतून येईपर्यंत आमची सकाळ संपली होती.

बरोबर बाबा होते. त्यांची अख्खी नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत, बॉडी बांधणीत गेली. टाटाची किंवा लेलँडची नुसती चासी आत यायची आणि सांगाडा, पत्रा, रिव्हेट चढून लाल गाडी बाहेर पडायची. म्युझियममध्ये फेरारी, बुगाटी, सिनेमातल्या गाड्या असं खूप काही आहे, पण त्यांना घेऊन मी आलो होतो ते एका गाडीसाठी: १९२५ची रोल्स-रॉइस फँटम वन, जिला जग 'राउंड डोअर रोल्स' म्हणून ओळखतं.

पहिल्या नजरेला ही रोल्स-रॉइस आहे यावर विश्वासच बसत नाही. काळीभोर, जवळपास वीस फूट लांब. बुलेटच्या आकाराचे हेडलाइट. मडगार्ड पुढून मागे ओघळत गेलेले. मागे छताच्या मध्यरेषेवरून शेपटीपर्यंत उतरणारा उभा पंख. रोल्स-रॉइसचा रेडिएटर म्हणजे देवळाच्या दर्शनी भागासारखा ताठ उभा, कंपनीची ओळखच ती. इथे तो चक्क मागे कललेला आहे. आणि दोन्ही बाजूंना एकेक दार, अगदी वर्तुळाकार.

ती अशी कशी झाली हे समजायला त्या काळची पद्धत माहीत हवी. रोल्स-रॉइस तेव्हा इंजिनासकट चासी विकायची. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. लाकडी सांगाडा, त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला पत्रा. त्यामुळे एकाच चासीला आयुष्यात दोन-तीन बॉडी मिळणं नवलाचं नव्हतं. फँटम वनचं सहा सिलिंडरचं इंजिन सुमारे ७.७ लिटरचं, एवढ्या ताकदीवर काहीही वाहून नेता येत होतं.

या गाडीला पहिली बॉडी चढवली लंडनच्या हूपरने. राजघराण्याला गाड्या पुरवणारी ही पेढी. बॉडी कॅब्रिओलेची, म्हणजे छत उघडणारी. मागणी डेट्रॉइटच्या मिसेस ह्यू डिलमन यांची. या बाई म्हणजे अ‍ॅना डॉज, डॉज बंधूंपैकी होरेसची विधवा. १९२५ साली दोन्ही भावांच्या विधवांनी मिळून डॉज कंपनी १४ कोटी ६० लाख डॉलरना विकली होती. पण ह्यू डिलमनशी अ‍ॅनाचं लग्न झालं १९२६ साली. मग १९२५च्या म्हणवल्या जाणाऱ्या गाडीवर हे नाव कसं? मला वाटतं, चासी आधीची आणि नाव कागदावर चढलं ते लग्नानंतर. जुन्या गाड्यांचं साल चासीवरून धरतात, गाडी पुरी होऊन हाती येईपर्यंत बराच काळ जायचा. काही असो, बाईंनी गाडी ताब्यात घेतलीच नाही.

आणि मग ती विकली गेली नानपाऱ्याच्या राजाला. नानपारा म्हणजे उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यातलं, नेपाळच्या सीमेजवळचं गाव. अवधमधली मोठी तालुकदारी, म्हणजे जमीनदारी. डेट्रॉइटच्या गिऱ्हाइकाने नाकारलेली लंडनची गाडी बहराइचला! त्या काळात हे अशक्य नव्हतं. १९०८ सालीच 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइसचीच सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून जिंकली होती, आणि तेव्हापासून आपल्या संस्थानिकांना रोल्स-रॉइसची भुरळ पडली ती कायमची. पण नानपाऱ्याला ही गाडी कशी वापरली गेली, किती काळ राहिली, यावर सहसा एक ओळसुद्धा कुणी खर्च करत नाही. राजाचं नाव येतं आणि गोष्ट थेट बेल्जियमला जाते. मला हे खटकतं.

मधे आणखी काही हात बदलले आणि १९३४ साली गाडी बेल्जियममधल्या रूसेलारेजवळच्या योंकहेरे या कोचबिल्डरकडे पोचली. हूपरची बॉडी उतरली, ही चढली. कुणी सांगितली, आराखडा कुणाचा, गोल दारांची कल्पना कुणाची? योंकहेरेच्या कारखान्यात पुढे आग लागली आणि कागद जळाले. त्यामुळे या प्रश्नांना उत्तर देणारा कागद उरलेला नाही. जे काही विचारायचं ते गाडीलाच.

बाबा नेमकं तेच करत होते. दोरीच्या अलीकडे वाकून ते दाराच्या कडेने चाललेली फट बघत होते. "चौकोनी दार जरा लोंबलं तर बिजागरीत पॅकिंग टाकून भागतं," ते म्हणाले, "गोल दार केसभर जरी खाली बसलं, तरी एका बाजूला फट रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. लगेच डोळ्याला दिसणार. हे बघ, सगळीकडे सारखी आहे." मग त्यांनी विचारलं, "काच खाली कशी जाते रे?"

हाच या गाडीतला सगळ्यात सुंदर भाग. साध्या दारात काच सरळ खाली उतरते, कारण खालचा भाग वरच्याइतकाच रुंद असतो. वर्तुळात तसं होत नाही. काच वरच्या अर्ध्या भागातली, तिची रुंदी मध्यरेषेवर सगळ्यात जास्त. ती अख्खी खाली सरकवायला गेलं तर खाली दार अरुंद होत जातं आणि काच अडकते. योंकहेरेच्या माणसांनी काच मधोमध उभी चिरली. खाली करताना दोन्ही तुकडे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून फिरत दाराच्या पोटात जातात. बाबांनी हवेत दोन्ही तळहात एकमेकांवरून फिरवून बघितले आणि म्हणाले, "कागदावर काढणाऱ्याला हे सुचलेलं नाही. हे शॉपवरच्या माणसाने सोडवलंय."

मला ते पटलं, आणि त्यामागे कारणही आहे. योंकहेरेची पेढी १८८१ साली घोडागाड्या बांधण्यापासून सुरू झाली आणि पुढे तिचं नाव झालं ते बससाठी. रूसेलारेचा तो कारखाना नंतर व्हीडीएल समूहात गेला. मोठा पत्रा, मोठी दारं, लांब बैठका हे ज्यांचं रोजचं काम, त्यांना वीस फुटी गाडीचं भय नव्हतं. एका दारातून पुढच्या आणि मागच्याही सीटवर जाता यावं, हा विचारसुद्धा मला प्रवासी गाडी बांधणाऱ्याचा वाटतो.

पंखाचं मूळ शोधायला मात्र फार लांब जायला नको. १९३४ हे वर्षच वाऱ्याला कापत जाणाऱ्या आकारांचं होतं. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाची टाट्रा ७७ मागच्या उभ्या पंखासह जगासमोर आली, अमेरिकेत क्रायस्लर एअरफ्लो आली. नऊ वर्षं जुनी चासी कशासाठी निवडली, हे जास्त अवघड. फँटम टू १९२९पासून मिळत होती. माझा तर्क असा की मंदीच्या काळात अवाढव्य जुन्या रोल्स-रॉइसला गिऱ्हाईक नव्हतं. चासी स्वस्तात मिळाली असणार आणि सगळा पैसा बॉडीत गेला.

१९३६ साली फ्रान्समधल्या कान शहरातल्या सुंदर गाड्यांच्या स्पर्धेत तिला प्रि द'ऑनर, म्हणजे मानाचं पारितोषिक मिळालं. पुढे ती अमेरिकेत आली, १९५०च्या दशकात न्यू जर्सीत मोडकळीला आलेली सापडली, आणि नव्या मालकाने तिला सोनेरी रंग देऊन लोकांना दाखवत फिरवलं. त्या रंगात सहा पौंड सोनं होतं असं सांगतात. १९९१ साली ती जपानमध्ये गेली, २००१ साली या म्युझियमने घेतली आणि नव्याने उभी केली.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक तिला आपली म्हणून बघतात, तिचा नंबरसुद्धा कित्येकांना पाठ असतो. नानपाऱ्याच्या गाडीला असं कुणी विचारणारं नाही. बहराइच, लखनऊकडच्या जुन्या घरांमध्ये, शिकारीच्या किंवा लग्नाच्या अल्बममध्ये ताठ रेडिएटरची, उघड्या छताची एक फँटम कुठेतरी असू शकते. वाचकांपैकी कुणाचं त्या बाजूला जाणं-येणं असेल, तर अल्बम उघडून बघा, आणि असा फोटो दिसला तर त्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय तेही वाचा. हूपरची ती बॉडी उतरवल्यावर तिचं काय झालं, हे बाबांनी मला परतीच्या वाटेवर दोनदा विचारलं. रूसेलारेला जाणं झालं तर मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.