डिफेंडर देऊन गोल आणायचे असतील तर कोणता द्यायचा?

परवा काका आले होते आणि मी लॅपटॉपवर अमेरिकेतल्या कोलंबसच्या आइस हॉकी टीमच्या जुन्या मॅचचे हायलाइट्स बघत बसले होते. काका खडकीचे, फॅक्टरीत नोकरी आणि संध्याकाळी हॉकी, म्हणजे धनराज पिल्लेच्या खडकीतली हॉकी, मातीवरची. बर्फावरची हॉकी त्यांना अजून पूर्ण पटलेली नाही पण बघतात माझ्याबरोबर. मी सांगत होते की तिकडे टीमला गोल कमी पडायला लागले की मागचा एखादा चांगला डिफेंडर दुसऱ्या टीमला देऊन त्याच्या बदल्यात फॉरवर्ड घेतात, तर ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अगं पण फुलबॅक दिल्यावर मागे उभं कोण राहणार?"

या एका प्रश्नावर मी गेली दहा वर्षं विचार करतेय म्हणून आज लिहूनच टाकते.

2015 मध्ये प्रोजेक्टसाठी ओहायोतल्या कोलंबसला गेले होते. थंडी सुरू झाली आणि टीममधल्या एकाने नेशनवाइड अरीनात नेलं, कोलंबसच्या टीमची, ब्लू जॅकेट्सची मॅच. तिथे गोल झाला की तोफ उडते, चांगली मोठी तोफ, स्टँडच्या एका कोपऱ्यात ठेवलेली, आणि पहिल्यांदा उडाली तेव्हा माझ्या हातातली कॉफी हिंदकळून शेजारच्या आजींच्या जॅकेटवर सांडली, त्या नुसत्या हसल्या आणि रुमाल काढून पुसायला लागल्या. तिथेच मी त्या टीमची झाले. टीमची अवस्था वाईट होती, सीझनच्या पहिल्या आठच्या आठ मॅच हरले होते, कोचही बदलला होता. आणि 6 जानेवारी 2016 ला बातमी आली की आमचा एक नंबरचा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, रायन योहान्सन नॅशव्हिलला गेला आणि त्याच्या बदल्यात सेथ जोन्स आला. एकास एक, वर काही नाही.

ऑफिसात सगळे चिडले होते. योहान्सनने 2013-14 ला 33 गोल केले होते, आणि जोन्स 21 वर्षांचा डिफेन्समन, म्हणजे डिफेंडर, नॅशव्हिलमध्ये शे वेबर आणि रोमन योसीच्या मागे खेळणारा. पण हाच तर मुद्दा आहे. नॅशव्हिलकडे वेबर, योसी, एकहोल्म, एलिस असे चौघं आधीच होते, मग पाचवा जोन्स म्हणजे घरात जास्तीचं सोनं, आणि एक नंबरचा सेंटर मात्र नव्हता. त्यांनी कमी लायकीचा डिफेंडर दिला असं अजिबात नाही, जो दुसरीकडे गेला की लगेच एक नंबरचा होणार होता पण आपल्याकडे तिसरा-चौथा होता तो दिला. 2017 ला नॅशव्हिल स्टॅन्ले कपच्या फायनलपर्यंत गेलं, पिट्सबर्गकडून हरलं ते वेगळं. आणि आम्हाला जोन्स मिळाला. ऑगस्ट 2020 मध्ये टँपाबरोबर प्लेऑफची ती पाच ओव्हरटाइमवाली मॅच झाली त्यात हा माणूस 65 मिनिटं 6 सेकंद बर्फावर होता. पुण्यात मध्यरात्र उलटली होती, मी झोप बाजूला ठेवून बघत होते आणि शेवटी आम्ही 3-2 हरलो, पण जोन्सबद्दल त्या दिवसानंतर मी कोणाचं काही ऐकून घेत नाही.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मागे उभं राहणारा दुसरा तयार असेल तरच द्यायचा. एका मॅचला सहा डिफेन्समन खेळतात, त्यातली पहिली जोडी साधारण चोवीस-पंचवीस मिनिटं खेळते, समोरच्यांची सगळ्यात भारी लाइन, म्हणजे तीन फॉरवर्डची तुकडी, तीच अंगावर घेते. त्या जोडीला हात लावायचा नाही. दुसऱ्या जोडीतला, वय कमी, कॉन्ट्रॅक्ट अजून शिल्लक, त्याचा पगार परवडतोय असा असला तर समोरची टीम खरा स्कोअरर सोडते. आणि त्यात उजव्या हाताने शॉट मारणारा असेल तर भाव आणखी वर, कारण तसे डिफेन्समन मुळात कमी आहेत. जोन्स उजवा. न्यू जर्सीने 29 जून 2016 ला अॅडम लार्सन दिला आणि एडमंटनकडून टेलर हॉल आणला, लार्सनही उजवाच, तोही एकास एक. हॉलने 2017-18 ला 93 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) केले आणि लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी घेतली. फिलाडेल्फियाला 2024 च्या जानेवारीत कटर गोटिएर हा फॉरवर्ड अॅनाहाइमला द्यावा लागला तेव्हा त्यांनी बदल्यात ड्रायसडेल हा डिफेंडर घेतला, तोही उजवा. गोटिएरने पुढच्याच सीझनला 20 गोल केले.

पण नेहमी जमतंच असं नाही. कोलोरॅडोकडे मागे मकार होता, टेव्ज होता, म्हणून त्यांनी मार्च 2024 ला बोवेन बायरम हा डिफेंडर बफेलोला दिला आणि केसी मिटलस्टॅट हा सेंटर घेतला. कागदावर अगदी नॅशव्हिलसारखंच, पण वर्षभराने मिटलस्टॅटही पुढे बॉस्टनला गेला. म्हणजे डिफेंडर योग्य निवडला तरी घेतलेला फॉरवर्ड आपल्या टीमच्या खेळात बसतोय का हे कोणीतरी नीट बघायला पाहिजे ना, नुसता गोलचा आकडा बघून चालत नाही.

हे सगळं मला जास्त लागतं कारण आपल्या पुण्यात मी याच्या जवळचं काहीतरी डोळ्यांनी बघितलंय. प्रो कबड्डीत पुणेरी पलटणने दहाव्या सीझनला शादलुई हा डिफेंडर 2.35 कोटीला घेतला, त्याने त्या सीझनला 99 टॅकल पॉइंट काढले आणि 1 मार्च 2024 ला पलटण चॅम्पियन झाली, हरियाणाला 28-25 हरवून. पुढच्या लिलावात त्याला त्याच हरियाणाने 2.07 कोटीला घेतलं. ट्रेड नव्हे, लिलाव, बदल्यात रेडर पण आला नाही, पण त्याचा कॉर्नर मोकळा झाला तो झालाच. 29 डिसेंबरला फायनल होती बालेवाडीला, आपल्याच गावात, आणि आपली पलटण प्लेऑफमध्येसुद्धा नव्हती. कॅप्टन अस्लमची दुखापत हे एक कारण होतंच, ते मान्य. पण मी त्या दिवशी वरच्या स्टँडमध्ये बसले होते आणि शादलुई हरियाणाच्या जर्सीत रेडरच्या घोट्यावर झेप घेत होता तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत पलटणची जर्सी घातलेला एक शाळकरी मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याचे बाबा त्याला खाली बसवत होते. हरियाणा जिंकली. मला त्या मुलासारख्या टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

परत कोलंबस. जोन्सलाही शेवटी जावंच लागलं, 2021 ला शिकागोला, त्याला नवीन कॉन्ट्रॅक्ट आमच्याकडे करायचं नव्हतं. त्यातून बोक्विस्ट आला आणि पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क, आले, त्या पिकमधून सिलिंजर घेतला, यिरीचेक घेतला. यिरीचेक पुढे मिनेसोटाला गेला. जोन्सने 2025 ला फ्लोरिडाबरोबर कप जिंकला, मला मनापासून आनंद झाला.

आणि 2024-25 ला आम्ही टेबलमध्ये दोन पॉइंटने प्लेऑफ चुकवला. दोन. मार्चेन्को आणि फँटिली दोघांनी 31-31 गोल केले तरी. तेव्हापासून कोलंबसच्या जुन्या ऑफिसातले मित्र मेसेज करतात की एक डिफेंडर द्या आणि अजून एक विंगर आणा. द्या म्हणजे कोणाला? वेरेन्स्की देणार का, ज्याने मागून खेळून त्या सीझनला 23 गोल आणि 82 पॉइंट केले? तो आमचा डिफेंडर पण आहे आणि स्कोअरर पण, त्याला देऊन गोल आणायचे म्हणजे विहीर विकून पाणी आणायचं. प्रोवोरोव्हला 2025 ला सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय, वर्षाला 85 लाख डॉलर, आणि जोडीला तो रोज लागतो. सेव्हरसनचं कॉन्ट्रॅक्ट 2031 पर्यंत आहे, साडेबासष्ट लाख डॉलर वर्षाला, त्याला घेऊन वर स्कोअरर कोण देईल? उरतो मातेचुक, आणि प्रत्येक फोनवर समोरची टीम आधी त्याचंच नाव घेणार हे मला माहितीय, लहान आहे, पळतो छान, पक बाहेर काढतो.

नाही द्यायचा. नॅशव्हिलने जोन्स दिला तेव्हा त्यांच्या मागे चार जण उभे होते, आमच्याकडे वेरेन्स्कीच्या मागे हा एकच आहे. पिक द्या, एखादा तरुण फॉरवर्ड द्या, माझी ना नाही.

काकांना मी हे सगळं नावांसकट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेरेन्स्कीचा एक गोल परत लावायला सांगितला, ब्लू लाइनवरून आत शिरतो तो. तीनदा बघितला त्यांनी. मग विचारलं मॅच किती वाजता असते, मी म्हटलं थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाच, तर म्हणाले उठतोच मी तेव्हा, फोन कर.