मुक्ताईची माघवारी आणि आम्ही दोघी

माघ वद्य एकादशीला मुक्ताईला, म्हणजे मुक्ताईनगरजवळच्या कोथळीला संत मुक्ताबाईच्या दर्शनाला, पायी जायचं हे आमच्या भुसावळ, यावल, रावेरकडच्या कितीतरी घरात चालत आलेलं आहे, वऱ्हाडातून आणि बऱ्हाणपूरकडून पण दिंड्या येतात, आणि आषाढीच्या पालखीसारखी महिनाभराची चाल नसल्यामुळे घर-नोकरी सांभाळून ही वारी जमते. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण गावच्या दिंडीसोबत निघालो, पण मला सांगायचंय ते दिंडी उठायच्या आधी आम्ही दोघीच पुढे चालायचो त्या वाटेबद्दल.

"चाल वं, ऊन व्हायच्या आत" एवढं म्हणून ती जी निघायची ते तासभर दोघींपैकी कुणी बोलायचं नाही. हायवे सोडला की दोन्ही बाजूला केळीच केळी. पहाटे हवा सुटली की केळीची फाटलेली पानं एकमेकांवर अशी वाजतात की पाऊस आला वाटतं, वर बघावं तर आभाळ कोरडं. एका शेतात उशिरा पेरलेला हरभरा अजून हिरवा होता, त्याच्या शेंड्यांवरून तिने नुसता हात फिरवला आणि बोट माझ्यापुढे धरलं, जिभेला लावलं तर कसलं आंबट! माझी आजी रात्री हरभऱ्यावर धोतराचं फडकं पसरून ठेवायची आणि सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरायची, पोट दुखलं की चमचाभर. कितीतरी वर्षांनी ती चव आली तोंडात.

एकादशीला कोथळीच्या जुन्या मंदिरात दर्शन झालं, रांग भरपूर, रस्त्यात शेतकऱ्यांनी केळी, शेंगदाणे, भगर दिली, आग्रहाने दिली. बरेच लोक तिथूनच गाडी धरून परत फिरतात आणि मला ते खरंच पटत नाही. मैत्रीण म्हणाली मेहूणला गेल्याशिवाय वारी झाली असं मी समजत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. सन १२९७ मध्ये मुक्ताई तापीकाठी मेहूणला विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं आपण मानतो, म्हणजे देह मागे राहिलाच नाही, मग ते पाणी, तो वारा, ती काळी माती हेच दर्शन नाही का? निवृत्ती-ज्ञानदेवांची धाकटी बहीण, चांगदेवांसारख्या योग्याची गुरू, आणि ती आपल्या खानदेशात राहिली, मला याचं फार अप्रूप वाटतं.

मेहूणला काठावर बसलो. हतनूर धरणाचं पाणी इथपर्यंत फुगलेलं असतं, त्यात हिवाळ्याचे पाहुणे पक्षी, नारिंगी अंगाचे चक्रवाक तर जोडीनेच फिरतात, एक उडाला की दुसरा ओरडत मागे. आम्ही किती वेळ बसलो माहीत नाही, दिंडीचे टाळ ऐकू आले तेव्हा उठलो. पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव, तिथे महाशिवरात्रीपर्यंत यात्रा असते, गर्दी, पाळणे, सगळं.

जाणार असाल तर पहाटेच निघा, माघ असला तरी दहानंतर आपल्याकडचं ऊन लागतंच, आणि काठावर प्लास्टिक टाकू नका प्लीज. आषाढीला पालखीसोबत बुलढाण्यापर्यंत तरी जाऊ असं मैत्रीण म्हणतेय, मी सुट्टीचा अर्ज टाकलाय.