तुम्ही विचारलंत म्हणून : अजून त्याच चर्चमध्ये का?

"एवढं सगळं होऊनही तुम्ही त्याच चर्चमध्ये जाता?" हा प्रश्न मला मुलीनं विचारलाय, दोन्ही नणंदांनी विचारलाय, ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलाय. एका भाच्यानं चर्चला जाणं कधीच सोडलं, पण दर नाताळात मला हे विचारायचा नेम काही त्यानं सोडलेला नाही. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. "सवय आहे." "घराजवळ पडतं." "देवासाठी जाते, माणसांसाठी नाही." पहिली दोन अर्धीमुर्धी खरी होती. तिसरं साफ खोटं. आता एकदाच लिहून काढते. पुन्हा विचारलंत तर हाच कागद पुढं करीन.

काय घडलं ते तुम्हांला ठाऊक आहे, पण ज्याच्या त्याच्या तोंडी त्याची वेगळी कहाणी झालीय, म्हणून माझी थोडक्यात सांगते. २०१८ साली आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, एका आजारी माणसाच्या उपचारांसाठी रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, खास वर्गणी गोळा झाली. सुटी रोकड पिशव्यांत, नाव घालून दिलेली पाकिटं वेगळी. मोजणीला तीन माणसं हवीत, एकाच घरातली दोन नकोत आणि मोजणी संपेपर्यंत कोणी एकट्यानं खोलीत थांबायचं नाही, असा नियम होता. तो कागद मीच लिहून भिंतीला चिकटवला होता, कारण अर्थसमितीत हिशेबाची नोकरी केलेली मी एकटीच. त्या दिवशी एक जण आलाच नाही. दुसरीला घरून फोन आला. "तुम्ही बघाल ना?" म्हणाली. मी म्हटलं, "जा तू, बघते मी." चाळीसेक मिनिटं मी एकटी होते. आठवड्याभरानं एकांनी पावती मागितली. त्यांचं पाकीट माझ्या यादीत नव्हतं. कपाटात नव्हतं, तिजोरीत नव्हतं. ते आजतागायत सापडलेलं नाही.

मी ते घेतलं नाही. हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालंय की आता माझं मलाच ते चोराच्या तोंडचं वाटतं. पण याच्या बरोबरीनं दुसरंही लिहायला हवं. मी एकटी थांबायला नको होतं. घाई होती म्हणून थांबले, असं नाही. 'माझ्यावर कोण संशय घेणार' या तोऱ्यात थांबले. दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवणारी पहिली मीच असते.

फादर वाईट नव्हते. म्हणाले, "तुमच्यावर कोणाचा संशय नाही, पण थोडे दिवस मोजणीला येऊ नका." संशय नाही तर येऊ नको कशासाठी, हे तिथल्या तिथं विचारायचं होतं. जीभ वळली नाही. पुढच्या रविवारी मिस्सा संपता संपता सूचना वाचल्या गेल्या. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची वेळ बदललीय. अमुक आणि तमुक यांचं लग्न ठरलंय, कोणाला हरकत असल्यास कळवावी. दानाच्या मोजणीची नवी व्यवस्था आजपासून. माझं नाव नव्हतं. एकही मान माझ्याकडं वळली नाही. एरवी सूचना चालू असताना सगळं चर्च चुळबुळत असतं. त्या दिवशी सगळे समोर बघत बसले, त्यावरून कळलं की कोणाला काही सांगायचं उरलेलं नाही.

बोलणं कुठून सुरू झालं तेही हळूहळू कानावर आलं. धर्मग्रामाच्या सल्लागार परिषदेतले एक गृहस्थ. "मी काही म्हणत नाही, पण विचारायला नको का?" असं ते ज्याला त्याला म्हणत होते. (चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणं धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. परिषद मात्र बिशपांना योग्य वाटली तरच. हे मी त्या दिवसांत शोधून काढलं आणि आठवडाभर त्यावर खूश होते. माणूस कशाकशावर खूश होतो!)

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

त्यानंतरचा रविवार. प्रभूची प्रार्थना झाली आणि एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या, असं फादर म्हणाले. मी तिसऱ्या ओळीत, कडेला. माझ्या डावीकडच्या बाई त्यांच्या डावीकडं वळल्या आणि तिकडंच राहिल्या. पुढचं तरुण जोडपं लेकराच्या बुटाची नाडी बांधण्यात गुंतलं. दोघं मिळून एक नाडी. मी चेहऱ्यावर हसू तयार ठेवलं होतं, ते कोणाला द्यावं कळेना. तेवढ्यात ते गृहस्थ पलीकडच्या रांगेतून बाहेर पडले. मधल्या वाटेनं चालत माझ्यापाशी आले आणि हात पुढं केला. "प्रभूची शांती."

त्यांच्या बाहीचं बटण तुटलेलं होतं, हे मला अजून दिसतं. हात स्थिर होता. चेहऱ्यावर छद्मी वगैरे काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. माझे दोन्ही हात गीतांच्या पुस्तकावर होते. ते मी उचलले नाहीत. ठरवून नाही उचलले, असं म्हणवत नाही. हात जड झाले होते, असंही म्हणवत नाही, कारण उचलता आले असते. ऑर्गनवर 'देवाच्या कोकरा'चा सूर लागला, लोक गायला लागले आणि तो हात माझ्यापुढं तसाच. मग त्यांनी तो मागं घेतला, स्वतःच्या छातीवर ठेवला, किंचित मान लववली आणि आपल्या जागी गेले.

सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी दिला, हिनं घेतला नाही. तोवर मी नुसती संशयित होते. त्या दहा सेकंदांत माझा निकाल लागला, आणि तो मीच लावून दिला.

त्यानंतर पाचेक मिनिटांत मी कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर घ्यायच्या, रांगेत उभी होते. याबद्दल मात्र कोणी मला विचारत नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो शांतीचा हात नव्हताच, ते प्रदर्शन होतं. मला पुरावाही सापडला. मिस्साच्या विधीच्या नियमांत लिहिलंय की शांतीचं चिन्ह अगदी जवळच्यांनाच आणि संयमानं द्यावं. म्हणजे रांग सोडून चालत येणारेच चुकले की नाही? वाचून मला खरंच बरं वाटलं होतं. नियमाच्या पुस्तकात तोंड खुपसून बरं वाटून घेणारी ती बाई आता आठवली की लाज वाटते, पण तिचं म्हणणं चूक होतं असंही मला अजून वाटत नाही. तो हात खरा होता की दाखवण्यासाठी, हे त्यांना तरी ठाऊक असेल का?

आणखी एक सापडलं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणूनच पूर्वेकडच्या परंपरांमध्ये आणि मिलानच्या आंब्रोझियन विधीत शांतीचं चिन्ह अर्पणाच्या आधी येतं. आपल्या रोमन विधीत ते कम्युनियनच्या तोंडावर. ते पुढं आणावं का, यावर रोममध्ये बराच विचार झाला आणि २०१४ साली आहे तिथंच ठेवायचं ठरलं. तेव्हा वाटलं, मी मिलानमध्ये असते तर निदान अर्पणाआधी उठून बाहेर जाता आलं असतं. आपल्याकडं हात नाकारला की पुढचं पाऊल थेट रांगेत.

सात महिने मी दुसऱ्या धर्मग्रामात गेले. हरकत काहीच नव्हती. रविवारचा मिस्सा बंधनकारक आहे, पण अमुकच चर्चमध्ये असं बंधन नाही. आदल्या संध्याकाळचाही चालतो. तिथं तीच वाचनं, तेच स्तोत्र, त्याच रविवारी. मी मागच्या बाकावर बसायचे. शेजारच्या अनोळखी बाईला हात द्यायचे, ती हसायची, मी हसायचे. तिच्याशी माझं भांडण नव्हतं म्हणून शांती सोपी होती, आणि सोपी होती म्हणून पोकळ वाटायला लागली, आणि म्हणून मी परतले, असं मी एकदा मुलीला सांगितलं होतं. तिला ते फार आवडलं. पण गुडघे दुखत होते आणि ते चर्च लांब होतं, हेही तितकंच खरं.

त्या महिन्यांत एक गोष्ट मात्र मनात कुरकुरत राहिली. कायद्यानं प्रत्येक धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना दर रविवारी एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करावाच लागतो. आणि आपले लोक म्हणजे कोण? तर सहसा त्या हद्दीत राहणारे, येवोत न येवोत. मी तिकडं मागच्या बाकावर लपून बसले होते आणि इकडं, ज्यांनी मला मोजणीवरून काढलं त्यांच्या त्या मिस्सात दर रविवारी मीही धरलेली होते. यातून सुटायचं तर घर बदलायला हवं होतं. मला याचा राग यायचा. आता काय येतं त्याला नाव सुचत नाही.

मग तो आजारी माणूस वारला. (तुमच्यापैकी एकानंही कधी त्याच्याबद्दल विचारलेलं नाही. सगळे पाकिटाचंच विचारता.) अंत्यविधीच्या मिस्साला जाणं भाग होतं. तिथं कळलं की शेवटचे दोन महिने त्याच्या उशाशी रात्री बसायला पाळ्या लावलेल्या होत्या. रुग्णालयात कम्युनियन नेणारे वेगळे, पोरांना शाळेत सोडणारे वेगळे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या लोकांनी घरभाडं बघितलं होतं. ही सोसायटी १८३३ पासून, म्हणजे पॅरिसमध्ये विशीतल्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केली तेव्हापासून, हेच करत आलीय: घरी जायचं, बसायचं, काय हवं ते बघायचं. पाळ्यांचा तक्ता मी वाचला. बुटाची नाडी बांधणारं जोडपं त्यात होतं. डावीकडं वळलेल्या बाई होत्या. ते गृहस्थ तर आठवड्यातून दोन रात्री होते.

मी नव्हते. मी दुसरीकडं अनोळखी बायकांना शांती देत होते.

त्या दिवशी कोणी माझी माफी मागितली नाही, मीही नाही. मिस्सात बायबलमधलं वाचणाऱ्या नेहमीच्या वाचक आल्या नव्हत्या, एकीनं पुस्तक माझ्या हातात दिलं, मी वाचलं. पुढच्या रविवारी मी परत तिसऱ्या ओळीत होते. एवढंच झालं. यात समजूत झाली, मन मोठं झालं, असलं काही तुम्ही घालू नका.

१६ फेब्रुवारी २०२० ला मत्तयचा तो उतारा रविवारच्या मिस्सात आला. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या अ वर्षात, सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांचे नि उपवासाचे दिवस सोडून उरलेल्या काळाच्या) सहाव्या रविवारी येतो तो. मी ठरवलं, आता बोलायचं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होऊ दे, मग बोलू. उपवासकाळ सुरू झाला आणि काही आठवड्यांत महामारीनं चर्चची दारं बंद केली. पुन्हा उघडली तेव्हा हात मिळवणं बंद होतं, लांबूनच मान लववायची. मला केवढी सुटका वाटली! अख्खी दुनिया भेदरलेली असताना मी खूश होते की आता सगळेच माझ्यासारखे हात जवळ धरून उभे आहेत.

१२ फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा तोच रविवार आला, आणि पहिल्या वाचनाला यादीत माझं नाव होतं. तोवर फादर बदलले होते, नव्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. वाचन बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथातलं. देवानं तुझ्यापुढं अग्नी आणि पाणी ठेवलंय, हवं तिकडं हात पुढं कर, अशा अर्थाचं त्यात वाक्य आहे. घरी तयारी करताना ते मी चार वेळा वाचलं आणि चार वेळा थांबले. चर्चमध्ये न थांबता वाचलं. वर बघितलं नाही. वाचकानं अधूनमधून वर बघावं, असं प्रशिक्षणात सांगतात.

'माणसांसाठी नाही, देवासाठी' हे खोटं का, ते आता तुमच्या लक्षात येईल. देव मला तिकडंही होता. इथं मी या माणसांसाठीच येते. त्यांच्यावर प्रेम आहे म्हणून, असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांनी मला एकदा पाहिलंय आणि मी त्यांना, बहुधा म्हणून. मिस्साच्या सुरुवातीला आम्ही सगळे मोठ्यानं कबूल करतो, विचारानं, शब्दानं, कृतीनं आणि जे करायचं राहून गेलं त्यानंही मी पाप केलंय. त्या शेवटच्या तुकड्याला माझा आवाज अजून थोडा चढतो. मी तो त्यांच्यासाठी चढवते की माझ्यासाठी, ते मुलीनं विचारलं होतं. तिला मी तेव्हा गप्प बस म्हटलं.

या रविवारी माझं वाचन नाही. मी तिसऱ्या ओळीत असेन, ते पलीकडच्या रांगेत. हात मिळवणं आता पुन्हा सुरू झालंय. ते जागेवरूनच मागं वळून सगळीकडं मान लववतात, माझ्या दिशेनंही. मी कधी मान लववते. कधी नेमका तेव्हाच चष्मा पुसायला काढते.