स्टुडिओतून घरांच्या फोटोंकडे: आमची वाटचाल

बडोद्याला दांडिया बाजारात बाबांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, मुंजी, लग्नं. हातोहाती मोबाइल आले तशी गिऱ्हाइकं रोडावली आणि मी व धाकट्या भावाने घरांच्या फोटोंचं काम धरलं. वासणा-भायलीकडे नव्या इमारती उठत होत्या, बिल्डरांना सँपल फ्लॅटचे फोटो लागत होते.

भिंती सरळ कशा ठेवायच्या, हे आम्ही बाबांच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यावरच शिकलो होतो. छत फ्रेममध्ये हवं असलं तरी ते कॅमेरा झुकवत नसत, भिंग वर सरकवत. कॅमेरा वर झुकला की उभ्या भिंती माथ्याशी एकमेकींकडे कलतात. आजची शिफ्ट लेन्स तेच काम करते. साधी लेन्स असेल तर ट्रायपॉड लेव्हलमध्ये, उंची छातीएवढी. स्वयंपाकघरात ओट्याचा वरचा दगड दिसेल इतकी. फोटो सुधारायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये २०१३ पासून ‘अपराइट’ची सोय आहे, क्लिकसरशी रेषा उभ्या होतात. पण चित्र ताणलं जातं, कडा कापाव्या लागतात, गोल दिवा लांबुळका दिसतो. किरकोळ कल काढण्यापुरतंच आम्ही ते वापरतो.

खरा वेळ उजेडाला लागतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन, पिवळे दिवे २७०० ते ३०००, पांढरे एलईडी ६५००. सगळं एकदम लावलं की एकच भिंत इकडे निळसर, तिकडे पिवळी. म्हणून आम्ही दिवे बंद करून एक फ्रेम नुसत्या खिडकीच्या उजेडात घेतो, दुसरी फ्लॅश छतावर मारून, तिसरी खिडकीबाहेरच्या दृश्यासाठी, आणि मग तिन्ही जुळवतो. छत रंगीत असेल तर फ्लॅशही तोच रंग घेऊन खाली येतो. तिथे पांढरी छत्री लावायची. दिवे लावलेलेच दाखवायचे असतील तर शटर १/५० सेकंदावर ठेवतो, नाहीतर स्वस्त एलईडीच्या लुकलुकीचे पट्टे उमटतात.

‘रूम जरा मोटो बतावजो ने,’ खोली जरा मोठी दाखवा, हा बिल्डरांचा आग्रह नेहमीचा. अतिवाइड लेन्सने दहा फुटांची खोली हॉलएवढी दिसते, पण ते आम्ही करत नाही. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई मिळू शकते. आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या माणसाला कायदा नसता तरी फसवू नये.

अलीकडे रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांची कामं येतात, दुरुस्तीआधीच्या नोंदीसाठी. इथे सॉफ्टवेअर फसतं. कललेला सागवानी खांब ते सरळ करतं आणि धड भिंत तिरकी होते. खांब किती कललाय हेच तर दुरुस्ती करणाऱ्याला कळायला हवं. म्हणून भाऊ गवंड्याचा ओळंबा बरोबर नेतो. प्रत्येक खोलीत एक फ्रेम ओळंबा टांगून घ्यायची आणि संगणकावर फक्त त्या दोरीशी चित्र जुळवायचं. आर्किटेक्ट आता ती ओळंब्याची फ्रेमही आमच्याकडून मागून घेतात.