नोकरी गेली, पण फोनचा हप्ता कुठे जातोय!

भाडं, विमा, लाइट बिल या सगळ्यांची चिंता करून झाली आणि मग फोनच्या बिलाकडे लक्ष गेलं. बघते तर नोकरी गेल्यावर ते कमी व्हायचं सोडून चक्क वाढलेलं. कारण अगदी साधं, आधीच्या कंपनीमुळे प्लॅनवर कॉर्पोरेट डिस्काउंट होता, ऑफिसचा ईमेल बंद झाला तसा डिस्काउंट पण गेला. पगार शून्य आणि बिल चढं, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तुमचंही कनेक्शन ऑफिसमार्फत असेल तर आधी हे बघा, आणि नंबर कंपनीच्याच नावावर असेल तर तो स्वतःच्या नावावर करून घ्यायचं काम शेवटच्या दिवसाच्या आधीच उरका, कारण नंतर एचआरवाले फोन उचलतीलच असं काही नाही.

तर मी काय केलं, बिलाची पूर्ण पीडीएफ उघडली. ॲपमध्ये नुसता एक मोठा आकडा दिसतो, त्यावरून काही कळत नाही. पीडीएफमध्ये मात्र सगळं सुटं सुटं असतं, हँडसेटचा हप्ता, प्लॅनचं भाडं, हँडसेटचा विमा, स्मार्टवॉचच्या सिमचं वेगळं, शिवाय पहिले काही महिने फुकट म्हणून चालू केलेलं आणि मग गुपचूप पैसे कापायला लागलेलं एखादं सबस्क्रिप्शन. आपण या सगळ्याला मिळून "फोनचं बिल" म्हणतो पण यातल्या प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. हप्ता हे कर्ज आहे, नोकरी गेली म्हणून ते माफ होत नाही, फार तर लांबवून मिळतं. प्लॅन ही सेवा आहे, ती बऱ्याचदा खालच्या दर्जाची करून घेता येते, फक्त काही कॉन्ट्रॅक्टमध्ये ठराविक महिने झाल्याशिवाय खाली येऊ देत नाहीत, तेवढं वाचायचं. आणि बाकीचं जे किडूकमिडूक असतं ते बहुतेक वेळा एका फोन कॉलमध्ये बंद होतं.

प्लॅन किती खाली आणायचा हे अंदाजाने ठरवू नका, फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याला किती डेटा वापरला ते दिसतं. माझा जवळजवळ सगळा वापर घरच्या वायफायवर होता आणि मी अनलिमिटेडचे पैसे भरत होते. नोकरी असताना प्रवासात लागायचं म्हणून घेतलेलं, आता प्रवासच नाही!

आता मुख्य गोष्ट, कस्टमर केअरला फोन कधी करायचा. माझं ठाम मत आहे की बिलाची तारीख चुकायच्या आधी. तारीख उलटेपर्यंत तुम्ही वेळेवर पैसे भरणारे ग्राहक असता आणि समोरच्याकडे द्यायला चार पर्याय असतात, एकदा थकबाकी झाली की तुमची फाइल वसुलीवाल्यांकडे सरकते आणि तिथलं बोलणं वेगळं असतं. पहिला जो माणूस फोन उचलतो तो समोरच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवत असतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याच्या हातात फारसं काही नसतं. त्याला सरळ सांगायचं की नोकरी गेली आहे, उत्पन्न बंद आहे, मला बिल बुडवायचं नाहीये पण एवढं भरता येणार नाही, आर्थिक अडचणीतल्या ग्राहकांसाठी जी टीम आहे तिच्याकडे जोडून द्या. सगळ्या कंपन्यांकडे अशी टीम असते असं नाही पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही हे मात्र नक्की.

मी फोन करण्याआधी कागदावर एक आकडा लिहून ठेवला होता, महिन्याला मी नक्की किती भरू शकते तो. हे फार उपयोगी पडलं, कारण "थोडं कमी करा ना" म्हटलं की ते त्यांच्या सोयीचा आकडा सांगतात आणि आपण घाबरून हो म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात तोही भरता येत नाही, मग केलेला करार मोडला म्हणून आणखी पंचाईत. ते हप्ता काही महिने थांबवायला तयार झाले तर लगेच खूश होऊ नका, त्या काळात व्याज किंवा लेट फी लागणार का, आणि क्रेडिट रेकॉर्डवर याची नोंद जाणार का हे दोन्ही विचारा. जे ठरेल ते ईमेलवर मागा. "सिस्टीममध्ये नोट टाकलीये मॅडम" याला काही अर्थ नसतो, पुढच्या वेळी दुसराच कोणीतरी असतो आणि त्याला ती नोट दिसत नाही.

ऑटो-पेबद्दल खूप जणांचा गैरसमज असतो. ते बँकेतून बंद केलं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलं असं नाही, पैसे द्यायचेच असतात, फक्त आपोआप कापले जात नाहीत. पण खात्यात पैसे नसताना ते चालू ठेवणं त्याहून वाईट, बँकेचा दंड वेगळा आणि फोन कंपनीची लेट फी वेगळी. बोलणी होईपर्यंत तारीख पुढे ढकलून मिळते का बघा.

कॉन्ट्रॅक्ट मोडायचंच असेल तर आधी किती भरावं लागेल ते लेखी घ्या. 24 महिन्यांपैकी 20 झाले असतील तर कळ सोसून उरलेले 4 काढणं बहुतेक वेळा परवडतं, 5 च झाले असतील तर गणित पूर्ण वेगळं. आणि हो, नंबर दुसरीकडे पोर्ट केला तर काही ठिकाणी तेच कॉन्ट्रॅक्ट रद्द केल्यासारखं धरतात आणि उरलेली सगळी रक्कम एकदम बिलात येते, म्हणून पोर्टची रिक्वेस्ट टाकायच्या आधी विचारा.

"फोन विकून टाक ना" हा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळाला, आणि बरोबरीने "एवढा महागाचा घ्यायचाच कशाला" हाही. विकायला हरकत नाही पण विकला तरी हप्ते तुमच्याच नावावर राहतात. शिवाय फायनान्सवर घेतलेला फोन हप्ते थकल्यावर काही ठिकाणी लांबूनच लॉक करता येतो, किंवा त्याचा 15 आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, ब्लॅकलिस्ट होऊ शकतो, आणि मग ज्याने विश्वासाने विकत घेतला त्याच्या हातात फोन नाही, नुसती वीट. (हा नंबर *#06# दाबलं की दिसतो.) त्यातही हप्ते पूर्ण होईपर्यंत विकायचा नाही अशी अट कराराच्या बारीक अक्षरात असू शकते. मिळणाऱ्या पैशात उरलेली रक्कम एकदम फिटत असेल, कंपनीची हरकत नसेल आणि घरात जुना चालू फोन पडला असेल तरच विका, नाहीतर हप्ता पण आणि फोन पण नाही अशी गत होईल.

काहीही सोडा पण नंबर सोडू नका. प्रत्येक सीव्हीवर तोच आहे, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, ईमेलचा पासवर्ड विसरला तरी त्यावरच मेसेज येतो. थकबाकीत आधी आउटगोइंग बंद करतात, मग इनकमिंग, मग कनेक्शनच जातं, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. इंटरव्ह्यूचा कॉल भलत्याच माणसाला गेला तर तो काय तुम्हाला शोधत येणार आहे? हँडसेटचा हप्ता आणि सिम वेगळं करून मिळत असेल तर नंबर सगळ्यात स्वस्त सिमवर हलवा आणि कर्जाची बोलणी निवांत करा.

या काळात "तुमचा हप्ता माफ करून देतो" म्हणणारे फोनही येतात, आधी प्रोसेसिंग फी भरा आणि आलेला ओटीपी सांगा म्हणतात. सरळ कट करा. खरा वसुलीवाला असला तरी फोनवर पैसे पाठवायचे नाहीत, बिलावर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून खात्री करायची.

माझं शेवटी असं ठरलं की प्लॅन सगळ्यात खालचा, विमा आणि घड्याळ बंद, हप्ता लहान करून जास्त महिने. एकूण रक्कम जराशी वाढली, मान्य आहे, पण आत्ता महिन्याचा आकडा महत्त्वाचा होता. हप्ते संपल्यावर बिल आपोआप कमी होतंच असं नाही, काही कॉन्ट्रॅक्टमध्ये मुदत संपली तरी तेवढंच कापत राहतात, म्हणून शेवटच्या हप्त्याच्या तारखेचा रिमाइंडर लावून ठेवलाय आणि त्यात दोनच कामं लिहिलीत, प्लॅन बदलून घेणं आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं, पत्र मागणं.