खाडाखोड केलेला चार्ट आणि आचारी मामा

आमच्याकडे सोलापुरात बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन, होत नाही, म्हणजे मी जिथे डाएटिशियन आहे त्या हॉस्पिटलात तरी नाही, पण मोठ्या शहरात ऑपरेशन करून घरी आलेले पेशंट काही झालं की आमच्याच ओपीडीत येतात, एवढ्या लांब परत कोण जाणार. तशाच या काकू आल्या, स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) होऊन आठवा दिवस, व्हीलचेअरवर, डोळे आत गेलेले. उभं केलं की बीपी खाली जायचा आणि चक्कर. सोबत नवरा, म्हणजे आपले आचारी मामा, आणि सासूबाई, तिघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. त्यात तो दिवस एकादशीचा! आजींनी येता येताच सांगून टाकलं, आज तिनं नारळपाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, आणि सांगण्यात जरा कौतुकच होतं.

डॉक्टरांनी आधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन दिलं आणि मग सलाईन लावलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पोटात अन्न नाही, वर उलट्या असतील तर शरीरातलं थायमिन लवकर संपतं आणि तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. काकूंना उलट्या नव्हत्या, मळमळ होती, पण आम्ही रिस्क घेत नाही.

सलाईन चालू असताना मी मामांना म्हटलं, काय काय देताय ते सांगा. मामांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. तिकडच्या हॉस्पिटलचा छापील चार्ट, इंग्रजीत, सगळ्यांना एकच देत असावेत. त्यावर मुलीनं निळ्या पेनानं रेघा मारलेल्या. चिकन सूप कट, बोन ब्रॉथ कट, अंड्याचा पांढरा भाग कट, प्रोटीन पावडर पण कट (त्यात अंडं असतं असं शेजारच्या कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं). उरलं काय तर डाळीचं पाणी, भाजीचं गाळलेलं सूप, नारळपाणी, पातळ ताक. आणि हे सगळं मामा मन लावून करत होते बरं का, वेळच्या वेळी, ताजं, औषधाच्या टोपीनं मोजून. मामा धंद्यानं आचारी, लग्नाची हजार-हजार पानं उठवणारा माणूस, तो बायकोसाठी ३० मिली सूप गाळत बसला होता.

मी कागदावर बेरीज मांडली. वरवरचं डाळीचं पाणी एक कप घेतलं तर प्रोटीन जेमतेम एक-दोन ग्रॅम, कारण डाळ पातेल्यातच राहते ना. नारळपाण्यात जवळजवळ काहीच नाही. भाजीच्या सूपचं तेच. पातळ ताकातही फार नाही. दिवसाचं सगळं धरून दहा ग्रॅमच्या आसपास आलं आणि लागतं निदान ६०. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, भुकेचं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं, त्यामुळे या काळात पेशंट भूक लागली म्हणून ओरडतच नाही, हीच तर गोची आहे. घरच्यांना वाटतं छान चाललंय.

मामांचा चेहरा पडला. मी म्हटलं मामा, तुम्ही केलेल्यात काही वाईट नाही, पण मांसाहारी तेवढं खोडलं की शाकाहारी चार्ट तयार होत नाही हो, खोडलेल्या जागी काहीतरी भरावं लागतं. मग आम्ही दोघं भरायला बसलो. अर्धा लिटर साय काढलेलं दूध, त्याचे सोळा-सतरा ग्रॅम. त्यातच दिवसभरात मिळून ५० ग्रॅम बिनसाखरेची स्किम्ड मिल्क पावडर, आणखी सतरा. व्हे प्रोटीनचा (दुधापासूनची प्रोटीन पावडर) एक स्कूप, ब्रँडप्रमाणे २० ते २५. झाले की साठच्या जवळ! वर मुगाचं कढण, पाणी नाही, कढण, मऊ शिजवून घोटून मलमलच्या फडक्यातून गाळलेलं, हिंग-जिऱ्याचं, बिनतिखट. आणि दर पंधरा मिनिटांनी ३० मिली, घोट घोट. चौदा तासांत दीड लिटरच्या वर जातं, तहान लागायची वाट बघायची नाही. दुधानं गॅस झाला तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली व्हे पावडर) किंवा सोया मिल्क.

व्हेचा डबा आमच्या मेडिकलमधून आणून मामांनी आधी उलटसुलट करून हिरवा ठिपका शोधला. आजींनी विचारलं, हे असतंय कशाचं? म्हटलं आजी, दुधाचं, पनीर-चीज करताना जे पाणी सुटतं त्याचं. आजींनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "दुधाचं हाय म्हनजे एकादशीला चालतंय. दे की गं तिला." विषय संपला. मी तासभर समजावलं असतं तरी काकूंनी त्या दिवशी घेतलं नसतं, हे मला पक्कं माहितीय.

पण खरा धक्का पुढे होता. व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत ना असं विचारलं तर काकू गप्प. मग हळूच म्हणाल्या, त्या कॅपसूलचं वरचं कव्हर जनावराचं असतंय म्हणे, म्हणून मी घेतल्याच नाहीत मॅडम, ह्यांना पण नाही सांगितलं. मामा बघतच राहिले. आता यात काकूंना मूर्ख म्हणणारे बरेच भेटतील, पण त्यांचं चुकीचं नव्हतं, जिलेटीन प्राण्यांपासूनच येतं. ज्यांनी गळ्यात माळ दिसत असूनही कॅपसूल लिहून दिल्या त्यांनी विचारायला हवं होतं. शाकाहारी लोकांचं बी-१२ बऱ्याचदा ऑपरेशनआधीच कमी असतं, त्यात ही सर्जरी. डॉक्टरांनी लगेच चघळायच्या गोळ्या लिहिल्या, बी-१२ तपासायला पाठवलं, आणि मी मामांना कॅल्शियम आणि लोह एकत्र द्यायचं नाही, दोन तासांचं अंतर, हे दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन, मॅडम पावडर फाटायली. गरम दुधात डायरेक्ट टाकलेली, गुठळ्या झाल्या. मी सांगायच्या आतच म्हणाले, थांबा, कढीला बेसन लावतो तसं करतो, आधी गार दुधात खलतो आणि मग कोमटात सोडतो. जमलं. नंतर मी तीच रीत बाकीच्या पेशंटना सांगायला लागले, मामांचं नाव न घेता.

काकू पुढच्या तपासणीला चालत आल्या. डॉक्टरांनी मऊ-वाटलेल्या अन्नाची परवानगी दिली तर मामा त्याच दिवशी दुपारी डबा घेऊन हजर, पनीर वाटून केलेलं काहीतरी, टेस्ट करून बघा म्हणाले. बघितलं तर वर तेलाचा तवंग आणि आत शेंगाचं कूट. परत पाठवलं. संध्याकाळी तेल-कुटाशिवायचं घेऊन आले, नाराजीनं, म्हणे याला काय चव हाय.