पट्टीने आखलेलं लेटरहेड

"मामा, हे पत्र कॉम्प्युटरवर कधी टाइप करायचं असतं?"

आज सांगलीत विश्रामबागेला बहिणीकडे गेलो होतो. भाची बारावी कॉमर्सला, विषय चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे कंपनी सेक्रेटरीचं कामकाज. वहीत भागधारकांना पत्र, वर कंपनीचं लेटरहेड, तेही पट्टीने आखलेलं. अक्षर मोत्यासारखं. वार्षिक सभेची सूचना पूर्ण 21 दिवस आधी द्यायची, हे तोंडपाठ.

तिला माझ्या लॅपटॉपवर बसवलं. एका बोटाने 'प्रति' शोधताना घाम फुटला, पण पोरगी उठली नाही. अर्ध्या तासात चार ओळी. लगेच म्हणाली, "प्रिंट काढू या ना!"

राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेला मिनिटाला 30 शब्दांपासून सुरुवात. त्यासाठी पोरं वेगळी फी भरून संस्थेत जातात. हा सराव वर्गातच का होऊ नये?